गोमंतकाचा कौल आणि आमच्या घरातील सही

आमच्या उमरग्यास समुद्र नाही. येथील पाऊसदेखील हात राखून पडणारा, आणि येथील व्यापार म्हणजे तूर, ज्वारी, सोयाबीन व सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारी. अशा गावात बसून एका समुद्रकाठच्या राज्याची हकीगत आम्ही का सांगावी, असे आमचे अडत बाजारातील वाचक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्यास आमचे उत्तर एवढेच की, राज्य ही काय चीज आहे व नागरिक कोणास म्हणावे, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने गोमंतकाचा इतिहास एकवार डोळ्यांखालून घालावाच. त्या इतिहासातून निघणारा धडा मांडवीकाठी जितका लागू आहे, तितकाच तो उमरग्यातील प्रत्येक घराच्या उंबरठ्याच्या आत लागू आहे.

गोवे आम्हांस वाटते तितके परके नाही. ज्या आदिलशाहीने आमच्या शेजारच्या नळदुर्गात बोरी नदीचे पाणी अडवून पाणीमहाल उभारला, त्याच आदिलशाहीच्या हातून अफोन्सो द अल्बुकर्क ह्याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे शहर जिंकून घेतले. तेथून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे ४५१ वर्षे, पोर्तुगालचे निशाण तेथे फडकत राहिले. त्या राजवटीने प्रजेवर काय काय लादले ह्याची यादी लांब आहे. १५६० साली धर्मसमीक्षणाचे न्यायासन बसले, ते कायमचे उठण्यास १८१२ साल उजाडावे लागले. देवळे पाडली गेली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश व केळोशीची शांतादुर्गा ह्यांस भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेऊन वाचविले. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ साली पुन्हा उभारले. १६८४ साली तर लोकांनी कोकणी बोलणे सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम सुटला. ह्या सर्व काळात राज्यकर्त्यांनी लोकांस एकही प्रश्न विचारला नाही. हुकूम वरून खाली येत असे व खालून वर फक्त कर जात असे.

तथापि ह्या हुकमांच्या खालीच एक जुनी संस्था जिवंत राहिली होती. तिचे नाव गावकरी. गावातील मूळ वसाहतकारांची कुळे, ज्यांस तेथे वांगड म्हणतात, ती एकत्र बसून गावची जमीन, खाजणांचे बांध, देवस्थानाचा खर्च व पाण्याचा बंदोबस्त पाहत. खाऱ्या पाण्यापासून शेत राखावयाचे तर बांध एकट्यादुकट्याने बांधून भागत नाही. एका ठिकाणी भगदाड पडले तर शेजाऱ्याचेही भात बुडते. म्हणूनच तेथे प्रत्येक वांगडाचा शब्द विचारात घ्यावा लागे. पोर्तुगीजांचा अंमलदार अफोन्सो मेशिया ह्याने १५२६ साली ह्या चालीरीती लिहून काढून त्यांस मान्यता दिली, ह्यावरून त्या किती मुरलेल्या होत्या हे दिसते. ह्या संस्थेत दोष नव्हते असे नाही. तीत स्त्रियांस बोलण्याचा अधिकार नव्हता, आणि चिखलात राबणाऱ्या मजुरासही नव्हता. परंतु चौघांच्या जमिनीचा निर्णय चौघांस विचारून घ्यावा हे बीज तिने राखले.

आता आपल्या जवळच्या काळाकडे वळू. १९२८ साली त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा ह्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापिली. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनी मडगावात बंदी मोडून नागरी हक्कांचा उद्घोष केला. १९५५ साली ना. ग. गोरे व सेनापती बापट ह्यांच्यासारखे महाराष्ट्रातील पुढारी सत्याग्रहींच्या तुकड्या घेऊन हद्द ओलांडून गेले, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसांहून अधिक माणसे मेली. अखेर १९६१ च्या डिसेंबरात हिंदी सैन्य आत शिरले व गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आला. येथे आमच्या वाचकांस एका योगायोगाची आठवण करून द्यावीशी वाटते. ह्या स्वारीच्या वेळी दक्षिण विभागाच्या सैन्याचे प्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी हे होते, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापुराहून नळदुर्ग व उमरगा ह्या आमच्याच रस्त्याने हैदराबादेकडे गेलेल्या फौजेचे सेनापतीही हेच चौधरी होते. निजामाच्या अमलातून आम्हांस आणि पोर्तुगालच्या अमलातून गोमंतकास सोडविणारा सेनापती एकच. मुक्तीच्या बाबतीत आम्ही व गोमंतकीय जणू एकाच पंक्तीचे.

परंतु मुक्त झाल्यानंतर पुढे काय, ह्या प्रश्नाशी आमची व त्यांची वाट निराळी झाली. हैदराबाद संस्थानाचे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तीन भाग झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, शेजारचे बिदर व गुलबर्गा म्हैसुरात गेले, आणि १ मे १९६० रोजी आम्ही महाराष्ट्राचे झालो. ह्याबद्दल आम्हांस खेद नाही, उलट अभिमान आहे. मराठवाड्याच्या पुढाऱ्यांनी १९५३ च्या नागपूर करारावर सह्या करून, पाठीमागे कोणतेही लटांबर न लावता, महाराष्ट्रात येण्याचे मान्य केले होते. तरीही कायद्याच्या नजरेने पाहता एक गोष्ट खरी आहे. राज्यांच्या सीमा ठरविण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेस दिला आहे, व त्यासाठी जनतेचे मत पेटीतून घेतलेच पाहिजे असे बंधन तीत नाही. उमरग्यातील शेतकऱ्यास अथवा दुकानदारास, तू कोठे राहणार, असे मतपत्रिका हाती देऊन कोणी विचारले नाही.

गोमंतकास मात्र विचारण्यात आले. १९६२ साली गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीन होण्याचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास ३० पैकी १६ जागा मिळून दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा ह्यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला. विधानसभेतील बहुमताच्या जोरावर विलीनीकरणाचा ठराव करून मोकळे व्हावे असे पुष्कळांस वाटत होते. परंतु पक्षास मत देणे निराळे व स्वतःच्या भूमीचे भवितव्य ठरविणे निराळे, हा विवेक अखेरीस जिंकला, आणि १९६६ साली संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी अधिकार सोडला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल व स्वतंत्र राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. फुलास १,३८,१७० मते पडली व दोन पानांस १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांच्या फरकाने गोमंतकाने सांगितले की, आम्ही भारताचे आहोत, महाराष्ट्राचे शेजारी आहोत, परंतु आमचा संसार आम्ही वेगळा करू.

महाराष्ट्रात ह्या निकालाने अनेकांचे मन दुखावले, आणि आजही ती सल बोलून दाखविणारे भेटतात. आमच्या माणसांनी सत्याग्रहात रक्त सांडले आणि तरी गोवेकर आमच्यात आले नाहीत, असा त्यांचा आक्षेप असतो. आम्ही त्यांस विचारतो की, ते रक्त आपण व्याजाने दिले होते काय? दुसऱ्याच्या पायांतील बेडी तोडावयाची आणि मग त्याने आपल्याच वाड्यात राहिले पाहिजे असा हट्ट धरावयाचा, ह्यास मुक्ती म्हणत नाहीत, ह्यास धनी बदलणे म्हणतात. दुसरा आक्षेप असा की, हा कौल मराठी भाषेविरुद्ध होता. वस्तुस्थिती तशी नाही. विलीनीकरणाविरुद्धची मोठी लढाई ‘राष्ट्रमत’ ह्या मराठी दैनिकातूनच लढली गेली, व उदय भेंब्रे ह्यांचे त्या पत्रातील ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठीतच होते. महाराष्ट्रात जावयाचे नाही हे सांगण्यासही ज्या लोकांस मराठीच हाताशी लागली, ते मराठीचे वैरी कसे?

ह्यापुढील गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कौलानंतर अवघ्या दोन महिन्यांनी तेथे पुन्हा निवडणूक झाली, आणि ज्या पक्षाचे मुख्य मागणे लोकांनी नुकतेच नाकारले होते, त्याच पक्षास त्याच लोकांनी पुन्हा सत्तेवर बसविले. बांदोडकरांनी कौल मानला व १९७३ साली मृत्यू येईपर्यंत वेगळ्या गोमंतकाचाच कारभार केला. लोकांनी प्रश्नाप्रश्नात फरक केला, आणि पराभूत पुढाऱ्याने पराभव स्वीकारला. ह्या दोन गुणांवाचून लोकशाही म्हणजे नुसती मोजदाद. पुढे भाषेचा वाद पेटला. १९८६ च्या आंदोलनात माणसे बळी पडली, हा डाग आहेच. परंतु त्यातूनही वाट निघाली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीस राजभाषा केले व सरकारी कामात मराठीच्या वापरासही मुभा ठेवली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवे भारताचे पंचविसावे राज्य झाले. क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर, म्हणजे आमच्याकडील एखाद्या जिल्ह्याएवढाच हा प्रपंच. तरीही १६ जानेवारी हा दिवस तेथे अस्मिताय दिस म्हणून पाळला जातो. जिंकण्याच्या दिवसास सण मानणारे लोक जगात पुष्कळ आहेत. आपणांस विचारले गेले, त्या दिवसास सण मानणारे थोडे.

येथवर राज्याची गोष्ट झाली. आता घराची. गोमंतकात पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. गोवे मुक्त झाल्यावर संसदेने १९६२ साली तेथील जुने कायदे, ते बदलले जाईपर्यंत, चालू ठेवले, आणि कुटुंबाविषयीचा हा कायदा आजही हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्वांस मिळून एकच आहे. वारसाहक्काचा भाग तेथील विधानसभेने २०१२ साली नव्याने रचला व तो २०१६ च्या अखेरीस अमलात आला, परंतु मूळ तत्त्वे कायम राहिली. व्यापाऱ्यांच्या हिशेबाने ती अशी सांगता येतील. लग्नापूर्वी निराळा करार नोंदविला नसेल तर नवराबायकोची मिळकत समाईक, आणि रुपयातील आठ आणे बायकोचे. ते तिला कोणी द्यावयाचे नाहीत, ते तिचेच आहेत. नवऱ्याच्या वाट्याचे जे आठ आणे, त्यांतून चार आणेच तो मृत्युपत्राने मर्जीस येईल त्यास देऊ शकतो. उरलेले चार आणे मुलांचे, आणि त्यांत मुलगा व मुलगी असा भेद नाही. स्थावर विकावयाचे तर नवऱ्याच्या सहीबरोबर बायकोची सही लागते. हा कायदा निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. १८८० साली हिंदूंच्या रूढींसाठी केलेल्या नियमांत, विशिष्ट वयापर्यंत मूल अथवा मुलगा न झाल्यास हिंदू पुरुषास दुसरे लग्न करण्याची सवलत ठेवली होती, आणि ती स्त्रीजातीस लाजिरवाणी होती. परंतु मूळ तत्त्व पाहा. घरातील मिळकतीचा निर्णय घरातील स्त्रीस विचारल्यावाचून होत नाही.

कायदा परक्याने आणला म्हणून तत्त्व परके ठरत नाही. उमरग्याहून फार दूर नसलेल्या कल्याणात, बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात अक्कमहादेवी पुरुषांच्या बरोबरीने बसून बोलल्या. ती परंपरा आमच्याच मातीतील आहे. आणि आज आमचा कायदाही मागे राहिलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ साली व मग साऱ्या देशाने २००५ साली हिंदू मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ साली बाप हयात नसला तरी मुलीचा हा हक्क अबाधित आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. मुसलमान बांधवांच्या शरीअतीतही मुलीचा वाटा स्पष्ट ठरवून दिलेला आहे. कायद्याची उणीव राहिलेली नाही. उणीव आहे ती विचारण्याची.

आमच्याकडे बाप वारला की महिना-दोन महिन्यांत बहिणीस दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणले जाते व हक्कसोडपत्रावर तिची सही अथवा अंगठा घेतला जातो. कागदात काय लिहिले आहे हे तिला बहुधा वाचून दाखवीत नाहीत. तिच्या वाट्यास किती एकर व किती गुंठे येत होते, त्यांची बाजारभावाने किंमत काय, हे तिला कोणी सांगत नाही. सायंकाळी साडी-चोळी होते, आणि बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला असे गावभर सांगितले जाते. वकिलीच्या धंद्यात असे कागद आमच्याही नजरेखालून पुष्कळ गेले आहेत, आणि आम्ही स्पष्ट म्हणतो की, न विचारता घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. निजामाने अथवा पोर्तुगालच्या राजाने जी वागणूक प्रजेस दिली, तीच वागणूक आम्ही आमच्या सख्ख्या बहिणीस देत आहोत.

ह्यावर तीन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले, तिच्या लग्नात हुंडा दिला, तोच तिचा वाटा. हुंडा देणे व घेणे हा १९६१ पासून गुन्हा आहे, आणि गुन्ह्याची रक्कम कोणत्याही वहीत जमेस धरता येत नाही. शिवाय तो पैसा तिच्या हाती कधी आला? दुसरे, जमिनीचे तुकडे पडतील. चार भावांनी वाटणी मागितली तेव्हा तुकड्यांची ही भीती कोणास आठवत नाही, ती बहिणीच्या वेळीच आठवते. तुकडे पाडावयाचे नसतील तर तिच्या हिश्शाची रास्त किंमत ठरवून ती तिला रोख अथवा हप्त्याने द्यावी. बाजारात एका पोत्याचा हिशेब जो चुकू देत नाही, त्यास हे अवघड नाही. तिसरे उत्तर असे की, बहीण स्वतःच नको म्हणते. खरे आहे, पुष्कळ बहिणी नको म्हणतात. परंतु ती हक्कास नको म्हणते की माहेरचे दार बंद होईल ह्या भीतीस शरण जाते, हे भाऊ समोर उभा असताना कळणार कसे? गोमंतकात कौल घेण्यापूर्वी मुख्यमंत्र्यानेही खुर्ची सोडली. मग बहिणीस विचारताना भावाने खोलीबाहेर जावयास काय हरकत आहे?

ह्याच महाराष्ट्रात १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांस स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन करून देण्यास प्रवृत्त केले. अर्थात आमचा शेतकरी हे करू शकतो, हे सिद्ध झालेले आहे. म्हणून आमच्या सूचना लहान आहेत व आजपासून अमलात येण्याजोग्या आहेत. येथील वकीलबंधूंनी बहिणीशी स्वतः, एकांतात, तिच्या भाषेत बोलल्याखेरीज हक्कसोडपत्राचा मसुदा लिहू नये. ती भाषा मराठी असो, कानडी असो वा उर्दू. मसुद्यात तिच्या वाट्याचे क्षेत्र व त्याची चालू किंमत आकड्यांत लिहावी, व सहीपूर्वी निदान पंधरा दिवस तो कागद तिच्या हाती असावा. बाजारपेठेतील प्रतिष्ठित घराण्यांनी आपल्या घरच्या वाटणीत बहिणीचा हिस्सा प्रथम लिहून कित्ता घालून द्यावा, कारण लोक व्याख्यानापेक्षा शेठजींच्या घराकडे पाहून चालतात. आणि नवे घर अथवा दुकान घेताना खरेदीखतावर पत्नीचे नाव घालावे. ह्यास सरकारच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कित्येकांस वाटेल की, राज्याच्या इतिहासापासून आरंभ करून आम्ही घरगुती वाटणीवर येऊन थांबलो. आम्हांस ह्या दोन गोष्टी निराळ्या वाटत नाहीत. आमचे गाव सरहद्दीवरचे. येथे मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू कानी पडतात, आणि ह्या सर्वांस एकत्र बांधणारी ओळख नुसत्या भाषेची अथवा जातीची असू शकत नाही. ती नागरिकत्वाचीच असली पाहिजे. जो आपल्या घरात दुसऱ्याचा शब्द मानीत नाही, तो ग्रामसभेत व नगरपालिकेत तो मानील ही आशा व्यर्थ आहे. गोमंतकाने १९६७ साली १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा हिशेब मांडून दाखविला, आणि त्यात हरलेला प्रत्येक माणूसदेखील मोजला गेला. आमच्या घरातील बहीण अद्याप मोजली गेलेली नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, हे वाक्य आम्ही दरवर्षी झेंड्याखाली उभे राहून म्हणतो. ते पूर्णांशाने खरे व्हावे असे ज्यास वाटत असेल, त्याने पुढील वाटणीच्या वेळी कागद बहिणीच्या हाती द्यावा, आणि तिचे उत्तर काय येईल ते आधी ठरवून ठेवू नये.